औट घटकेच्या बँडमध्ये वाजवायचं असेल तर

आमचा बँड दीड वर्ष चालला. सप्टेंबर १९९६ मध्ये कोपनहेगनमधल्या एका शाळेच्या तळघरात आम्ही पाच जण पहिल्यांदा एकत्र वाजवायला बसलो आणि मार्च १९९८ मध्ये शेवटचा कार्यक्रम केला. तेवढ्यात १४ गाणी बांधून झाली, २१ कार्यक्रम झाले. सीडी निघाली नाही. मी त्यात ऑर्गन वाजवायचे. त्याआधीची माझी तयारी म्हणजे मिरजेत भजनाला आणि नाट्यसंगीताला दहा वर्षं केलेली पेटीची साथ.

यंदा माझ्या भाचीला डेन्मार्कातल्या ऑर्हुस शहरात प्रवेश मिळाला. ती गिटार वाजवते. "मावशी, तिकडं बँड मिळेल का गं?" असं तिनं विचारलं आणि मी फोनवर दोन तास बोलत राहिले. तेच इथं नीट लिहून काढते आहे. तिच्यासारखी बरीच मुलं आता तिकडं शिकायला जातात. सोबत एखादं वाद्य असतं, पण "दोनच वर्षं तर राहायचंय, कुणाच्या बँडमध्ये कशाला शिरायचं" असा विचार करून ते पलंगाखाली पडून राहतं. मी म्हणते, दोनच वर्षं आहेत म्हणून तर शिरा. मराठीत आपण औट घटकेचं राज्य म्हणतो, तसे औट घटकेचे बँड तिथं पुष्कळ असतात आणि त्यांना कुणी कमी लेखत नाही. डॅनिश भाषेतल्या रॉकची सुरुवात ज्यांच्यापासून धरतात, तो स्टेप्पेउल्वने हा बँड १९६७ मध्ये एकच एल्पी काढून विरून गेला. त्याचा गायक आइक स्काल्यो १९६८ मध्ये भारतात आला आणि पाकिस्तानच्या सीमेलगत फिरोजपूरजवळ मरण पावला. आमच्या गायिकेनं पहिल्याच संध्याकाळी मला विचारलं होतं, "फिरोजपूर तुझ्या गावापासून किती लांब?" मी नकाशा काढून दाखवला. मिरज ते फिरोजपूर म्हणजे जवळजवळ कोपनहेगन ते रोम. ती बराच वेळ त्या नकाशाकडं बघत बसली.

आधी घड्याळ आणि आकडे शिका

हे सगळ्यात आधी सांगते, कारण पहिल्याच तालमीला मी एक तास उशिरा पोचले. निरोप होता "हाल्व ओत्ते". ओत्ते म्हणजे आठ, हाल्व म्हणजे अर्धा. मी साडेआठ धरले. डॅनिशमध्ये त्याचा अर्थ साडेसात: आठवा तास अर्धा झाला, म्हणजे सात वाजून तीस मिनिटं. चार माणसं वाद्यं लावून तासभर माझी वाट बघत बसली होती आणि कुणी एक शब्द बोललं नाही, त्याचं मला जास्त वाईट वाटलं. तेव्हा कुणी हाल्व म्हटलं की पुढचा आकडा ऐका आणि त्यातून अर्धा तास वजा करा. पहिले दोन महिने तरी समोरच्याकडून आकड्यात लिहून घ्या.

हीच रीत पुढं मला फार जवळची वाटायला लागली, कारण ती आपल्याकडं आहे. अडीच हा शब्द अर्धतृतीय यावरून आला आहे, म्हणजे तिसरा अर्धा. औट म्हणजे साडेतीन, तो अर्धचतुर्थ यावरून. डॅनिश लोक पन्नासला हाल्वत्रेस म्हणतात, त्याचा अर्थ अडीच विसा. सत्तरला हाल्वफ्येर्स, म्हणजे साडेतीन विसा, आपल्या भाषेत औट विसा. नव्वदला हाल्वफेम्स, साडेचार विसा. माझी आजी अंडी विसावर मोजायची, त्यामुळं मला हे शिकायला एक आठवडा लागला. शिवाय पंचाण्णवमध्ये आपण पाच आधी म्हणतो तसेच तेही आधी एकक म्हणतात. बँडमध्ये हे रोज लागतं, कारण गाण्याची लय मिनिटाला किती ठोके या आकड्यात सांगतात. ड्रमर "हाल्वफेम्स" म्हणाला आणि तुम्ही सत्तर धरलेत, तर गाणं पहिल्याच ओळीत मोडतं.

पांढरी सात की काळी पाच

दुसरी अडचण स्वरांच्या नावांची, आणि ती घड्याळाहून अवघड आहे. आपल्याकडं पेटीवाला पट्टी सांगताना काळी दोन, पांढरी चार असं म्हणतो, त्यात घोटाळ्याला जागाच नाही. इंग्रजी पद्धतीत पांढरी सात म्हणजे बी, आणि काळी पाच म्हणजे बी फ्लॅट. जुन्या डॅनिश पद्धतीत मात्र पांढरी सातला एच म्हणतात आणि काळी पाचला नुसतं बी. म्हणजे बी हे अक्षर कुणी लिहिलंय यावर त्याचा स्वर ठरतो.

आमचा बेसवाला लहानपणी चर्चमध्ये ऑर्गन शिकलेला, तो जुनी पद्धत लिहायचा. गिटारवाला इंग्रजी गाण्यांच्या पुस्तकांवर वाढलेला, तो नवी. पहिल्या महिनाभर एका गाण्याचा दुसरा भाग आमच्याकडून बेसूर व्हायचा आणि जो तो आपापल्या वाद्यात दोष शोधायचा. शेवटी मी कागदावर पेटीच्या पट्ट्या काढल्या, काळ्या-पांढऱ्यांना आकडे घातले, आणि प्रत्येक अक्षरापुढं आकडा लिहिला. तो कागद शेवटपर्यंत तालमीच्या भिंतीवर होता. तुम्हीही नव्या बँडमध्ये गेलात की पहिल्या कागदावर हे ठरवून घ्या: काळी पाचला कायम "बी फ्लॅट" लिहायचं, पांढरी सातला कायम "एच". एकटं बी कुठंही लिहायचं नाही.

जागा मिळवणं आणि जागेत राहणं

मला बँड मिळाला तो विद्यार्थी वसतिगृहाच्या फलकावरच्या चिठ्ठीवरून. खाली फोन नंबराच्या पट्ट्या कापलेल्या, त्यातली एक फाडून न्यायची. आज हे फोनवर होतं, पण तालमीच्या खोल्या असलेल्या इमारतींच्या दारावर आणि वाद्यांच्या दुकानात अजून फलक असतात, तिथं स्वतः जाऊन उभं राहिलेलं बरं. तुमच्याबद्दल लिहाल तेव्हा काय वाजवता, कोणत्या वारी मोकळे आहात आणि किती महिने देशात आहात हे तिन्ही लिहा. तिसरी गोष्ट लपवू नका. मी "जून १९९८ पर्यंत" असं सांगितलं होतं आणि त्यावर बेसवाला म्हणाला, "मग आपल्याला तारीख तरी माहीत आहे."

खोली एकट्यानं भाड्यानं घेणं विद्यार्थ्याला परवडत नाही. दोन-तीन बँड मिळून एक खोली घेतात आणि वार वाटून घेतात. आमच्याकडं मंगळवार आणि रविवार होते. काही लोक संगीताचं छोटं मंडळ स्थापन करतात. त्याची घटना, कार्यकारिणी, वर्षाची सभा असं सगळं रीतसर असलं की नगरपालिकेकडून जागेसाठी मदत मिळू शकते. लोकशिक्षणाचा कायदाच आहे तसा. आपल्याकडच्या गणेश मंडळात ज्यांनी खजिनदारी केली आहे त्यांना हे काम सहज जमेल.

आमची खोली म्हणजे शाळेखालचा युद्धकाळासाठी बांधलेला निवारा होता, जाड काँक्रीटचा. तिथं आवाज असा घुमायचा की झांज वाजली की दात शिवशिवायचे. भिंतीला अंड्यांचे ट्रे लावून काही होत नाही, ते आम्ही दोन रविवार घालवून शिकलो. आवाज शोषणाऱ्या दगडी लोकरीचे जाड पट्टे कापडात शिवून कोपऱ्यांत उभे केले तेव्हा कुठं गायिकेचा शब्द ऐकू येऊ लागला. आणि कानात बोळे घाला. हे मी हात जोडून सांगते. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास सहन होतो असं धरलं, तर दर ३ डेसिबलला ती मुदत निम्मी होत जाते. १०० डेसिबलला ती १५ मिनिटांवर येते, आणि तळघरातली रॉकची तालीम तेवढ्या आवाजाची सहज असते. आमच्या गिटारवाल्याच्या कानात आज अठ्ठावीस वर्षांनी रात्रंदिवस शिट्टी वाजते.

हिवाळ्यात वाद्याला जपा. घरात हीटर चालू असतो, हवा कोरडी पडते आणि लाकूड आक्रसतं. माझ्या पेटीच्या भात्याला पहिल्याच जानेवारीत चीर गेली. पेटी किंवा गिटार हीटरपासून लांब, बंद खोक्यात ठेवा आणि खोलीत पाण्याचं भांडं ठेवा. गाडीतल्या थंडीतून वाद्य गरम सभागृहात आणलंत तर खोकं लगेच उघडू नका. अर्धा-पाऊण तास तसंच राहू द्या, नाहीतर आतल्या धातूवर आणि तारांवर दव धरतं. विजेच्या वाद्याला तर हे जास्तच लागू आहे.

पेटीवाल्याचा डावा हात

आता मुख्य गोष्ट, वाजवणं. बेसवाल्यानं जुन्या बाजारातून एक इटालियन ट्रान्झिस्टर ऑर्गन मिळवला होता, फार्फिसा. त्यावर बोटं ठेवली आणि मला घरी आल्यासारखं वाटलं. पियानोवर जोरात दाबलं की मोठा आवाज येतो. या ऑर्गनवर तसं होत नाही. पट्टी दाबली की एकाच जोराचा स्वर, पेटीसारखाच. पेटीचा जोर भात्यात असतो, याचा पायाखालच्या पेडलमध्ये. म्हणजे डाव्या हाताचं काम उजव्या पायाला शिकवायचं, बास. मी महिनाभर घरी टेबलाखाली पाय हलवत बसायचे.

मग प्रश्न आला की मोकळ्या झालेल्या डाव्या हाताचं काय करायचं. आपला डावा हात भात्यावर वाढलेला असतो, त्याला पट्ट्यांची सवय नसते. मी तो खालच्या सप्तकात घालायला लागले आणि बेसवाला वाजवायचा थांबला. रागावला नव्हता. त्यानं मला एवढंच सांगितलं की खालची दोन सप्तकं त्याच्या घरात येतात. तेव्हापासून माझा नियम: बँडमध्ये बेस असेल तर डावा हात मधल्या सप्तकाखाली न्यायचा नाही. त्यानं दोन स्वर धरून ठेवायचे, आवाज कमी-जास्त करायच्या खटक्यांवर राहायचं, किंवा मांडीवर ठेवायचा. पेटीवाल्यांनो, तुमचा डावा हात कच्चा आहे याची काळजी करू नका. रॉक बँडमध्ये तो फार लागत नाही.

खरा बदल करावा लागला तो साथीच्या सवयीत. आपण गवयाची साथ करतो म्हणजे त्याच्या मागोमाग जातो. त्यानं आलाप घेतला की त्याची सावली धरायची, तो थांबला की त्याचं शेवटचं वाक्य पुन्हा म्हणायचं. मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ रात्र-रात्र गाणं चालतं. तिथं लहानपणी पेटीवाल्याच्या बाजूला बसून मी हेच शिकले. आमच्या गायिकेमागं मी अशीच सावलीसारखी जायला लागले तेव्हा ती दोन ओळींनंतर थांबली आणि म्हणाली, "तू माझ्याबरोबर गातेस, मग मी कुठं गाऊ?"

तिचं बरोबर होतं. तिच्या गाण्यात स्वर ठरलेले होते, शब्द सांगायचे होते, आणि माझ्या सावलीनं शब्दांच्या कडा पुसल्या जात होत्या. मी शिकले ते असं. गाण्याचे शब्द कागदावर लिहायचे. गायिका श्वास कुठं घेते तिथं उभी रेघ मारायची. त्या रेघांच्या मध्ये आपण फक्त धरलेला स्वर ठेवायचा, तोही शब्दाच्या स्वराहून वेगळा. ती पंचमावर असेल तर आपण षड्ज किंवा गंधारावर. रेघेवर आली की दोन-तीन स्वरांचं आपलं बोलणं करून परत गप्प. आमच्या चौदा गाण्यांपैकी सगळ्यात चांगलं वाजलेलं माझं काम एका गाण्यात आहे, ज्यात मी सबंध अंतराभर एकच षड्ज धरून बसले आहे. तानपुरा माहीत असलेल्या माणसाला त्याची भीती वाटत नाही. बाकीच्यांना वाटते, ते मध्येच बोटं हलवतात.

यासाठी भाषा मात्र शिकावी लागते. डॅनिश माणूस शब्दाचा शेवट गिळतो आणि मध्येच गळ्यात एक बारीक अडका देतो, त्याला स्त्यो म्हणतात. त्या अडक्यामुळं शब्दाचा अर्थ बदलू शकतो आणि गाण्यात तिथं सूर किंचित तुटतो. तिथं आपण स्वर बदलला तर कानाला खुपतं. मी गायिकेला प्रत्येक गाणं आधी नुसतं बोलायला लावायचे आणि देवनागरीत लिहून घ्यायचे. काही स्वर आपल्या लिपीत बसत नाहीत. त्यांचा एक मऊ द आहे, तो ऐकायला ल सारखा लागतो. मी ल खाली टिंब देऊन तो लिहायचे. अशी एक वही भरली. तिच्यामुळं माझं डॅनिश सुधारलं ते वर्गात सुधारलं नव्हतं.

ठेक्याबद्दल थोडंच. आपला हात समेवर जोर द्यायला धावतो. रॉकमध्ये जोर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असतो, तो ड्रमरचा आहे, त्याला तो देऊ द्या. आणि शेवटी लोक एका ठेक्यात टाळ्या वाजवायला लागले की घाबरू नका, आणखी एक गाणं हवंय असा त्याचा अर्थ.

बैठक, आणि टक्क्यांचा कागद

डॅनिश बँडमध्ये तालमीइतकीच बैठक महत्त्वाची असते. कॉफी होते, प्रत्येक जण पाळीनं बोलतो, कुणाचा आवाज चढत नाही, आणि एका पोस्टरचा रंग ठरायला दीड तास जातो. आपल्याला तिथं दोन गोष्टी सोडाव्या लागतात. एक, मोठ्यांनी आधी बोलावं ही सवय. आमचा बेसवाला माझ्याहून वीस वर्षांनी मोठा, पण त्यांच्याकडं सगळ्यांना एकेरीच हाक असते. त्याला "तू" म्हणायला मला तीन महिने लागले. दुसरी, "बघू" हा शब्द. आपल्या "बघू"चा अर्थ बहुतेक वेळा नाही असा असतो आणि आपल्या माणसाला तो कळतो. त्यांना कळत नाही. मी एका कार्यक्रमाला "बघू" म्हटलं, त्यांनी तो होकार धरून तारीख पक्की केली, आणि त्या दिवशी माझी परीक्षा होती. नाही म्हणायचं असेल तर त्याच बैठकीत नाही म्हणा. राग धरत नाहीत.

गाणं ज्या दिवशी बांधून होईल त्याच दिवशी शब्द कुणाचे, चाल कुणाची, आणि बांधणीत कुणाचा किती वाटा हे लिहून टक्के घाला, बेरीज १०० आली पाहिजे, आणि सगळ्यांनी सह्या करा. डेन्मार्कात गीतकार-संगीतकारांचे पैसे कोडा ही संस्था गोळा करते, ती १९२६ पासून आहे. वादक-गायकांचे आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्यांचे पैसे ग्रामेक्सकडं येतात, ती १९६३ ची. गाणं रेडिओवर किंवा कार्यक्रमात वाजलं की त्यांच्याकडून थोडंफार येतं, पण वाटे आधी नोंदलेले असावे लागतात. आम्ही बारा गाण्यांचा कागद केला आणि दोन राहून गेली. नेमकी त्यातलीच एक चाल एकाला पूर्ण आपली वाटत होती आणि दुसऱ्यालाही. रक्कम एका जेवणाचीही नव्हती. तरी ते दोघं त्यानंतर अकरा वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. विद्यार्थी व्हिसावर असाल तर आणखी एक: कामाच्या तासांना मर्यादा असते, म्हणून मानधन हातात घेण्याआधी ते त्यात कसं मोजतात हे विद्यापीठाच्या कार्यालयात विचारून घ्या.

रस्ता

कोपनहेगन शेलंड बेटावर. तिथून फ्यून बेटावर किंवा पलीकडच्या युलंड द्वीपकल्पावर जायचं तर तेव्हा मोटारींना स्टोरेबेल्टची सामुद्रधुनी बोटीनं ओलांडावी लागायची, हाल्सकाउ ते क्नुडसहोवेद, साधारण तासाभराची. आम्ही ती जाऊन-येऊन सोळा वेळा केली. गाडी खालच्या मजल्यावर लावायची, वर जाऊन खिडकीपाशी बसायचं. बाजूला नव्या पुलाचं काम महिन्यागणिक पुढं सरकताना दिसायचं. १४ जून १९९८ ला तो रस्त्याचा पूल सुरू झाला. तेव्हा आमचा बँड संपून तीन महिने झाले होते. त्या पुलावरून आम्ही पाच जण कधीच एकत्र गेलो नाही. आता बेटं जोडणारा तो सगळा रस्ता १८ किलोमीटरचा आहे आणि गाडीला टोल पडतो. कार्यक्रमाचे पैसे ठरवताना तो धरा.

कार्यक्रम कुठं मिळतात? विद्यापीठाच्या शुक्रवारच्या बारमध्ये सहज. तरुणांच्या केंद्रांत. गावच्या सभागृहात, जिथं लांब टेबलं असतात, आजी-आजोबांपासून पोरांपर्यंत सगळे येतात आणि मध्यंतरात केक असतो. फ्यूनवरच्या अशा एका सभागृहात एका म्हाताऱ्या बाईंनी माझा हात धरून विचारलं की हे सूर चर्चसारखे का वाटतात. मी म्हटलं, आमच्याकडच्या देवळातल्या वाद्याची सवय आहे. त्यांनी मला घरी नेऊन पायानं भाता मारायचा त्यांचा जुना हार्मोनियम दाखवला. आपली पेटी त्याच घराण्यातली. युरोपातून आली आणि आपण ती जमिनीवर बसवली.

मोठ्या नावाच्या ठिकाणी आम्ही एकदाच वाजवलं, कोपनहेगनच्या क्रिस्टियानिया वस्तीतल्या लोप्पेन या गाण्याबजावण्याच्या जागेत, दुसऱ्या बँडच्या आधी अर्धा तास. लष्करी जुनी इमारत, लाकडी तुळया, १९७३ पासून चाललेली जागा. फार्फिसा वर चढवताना हाताला वळ उठले होते. अशा ठिकाणी पहिल्यांदा वाजवणाऱ्यानं आवाजाच्या तपासणीला वेळेआधी जावं, ध्वनी सांभाळणाऱ्याचं नाव विचारावं, आणि गाण्यांचा क्रम त्याच्या हातात मोठ्या अक्षरात लिहून द्यावा. कुठल्या गाण्यात ऑर्गन पुढं हवा तिथं खूण करावी. तो तुमचं गाणं पहिल्यांदाच ऐकत असतो.

खाण्याचं सांगते, कारण प्रवासात तेच आठवतं. रस्त्यावर राईचा काळा पाव मिळायचा, त्यावर बाकीचे यकृताचा लगदा लावायचे. मी लोणी आणि शेंगदाण्याची चटणी. आईनं पार्सलनं पाठवलेली, लसूण भरपूर. दुसऱ्या प्रवासापासून बेसवाला आधी डबा कुठं आहे ते विचारून मगच गाडी सुरू करायचा.

संपवणं, आणि मग जपणं

बँड संपतोय हे कळलं की तारीख ठरवा. ड्रमरला मूल होणार होतं, गायिकेला इंग्रजीत लिहायचं होतं, माझा शिक्षणाचा काळ संपत आला होता. आम्ही जानेवारीत बसलो आणि मार्चची तारीख धरली. त्यामुळं शेवटच्या कार्यक्रमाला सगळे आले, आणि आम्हीही रडत का होईना पण तयारीनं वाजवलं. वस्तूंची यादी केली: कोणता स्पीकर कुणाच्या पैशाचा, खोलीची अनामत रक्कम कशी वाटायची. आणि नाव पाच जणांच्या संमतीशिवाय वापरायचं नाही असं एका ओळीत लिहिलं. ती ओळ आम्ही अजून पाळतो, म्हणून इथंही ते लिहीत नाही.

एक चूक झाली. सगळ्या टेप एकाच माणसाकडं राहिल्या, बेसवाल्याकडं. २०१९ मध्ये तो गेला. त्याच्या मुलीनं खोकं माझ्याकडं पाठवलं, कारण वर माझं नाव देवनागरीत लिहिलेलं होतं, मीच त्याला ते लिहायला शिकवलं होतं. खोक्यात २३ कॅसेट. तुम्ही पहिल्या दिवसापासून प्रत्येकाकडं एक प्रत ठेवा, आता तर त्याला काहीच लागत नाही.

जुन्या कॅसेट असतील त्यांच्यासाठी, मला जे करून कळलं ते. चार ट्रॅकच्या, म्हणजे चार आवाज वेगवेगळे भरणाऱ्या छोट्या यंत्रावर केलेली कॅसेट घरच्या डेकवर लावली तर विचित्र ऐकू येते, घाबरून फेकू नका. ती यंत्रं चारही ट्रॅक एकाच दिशेनं भरतात. घरचा डेक एका बाजूला दोनच वाचतो, आणि उलटी घातली की उरलेले दोन मागून पुढं ऐकू येतात. त्यातली काही यंत्रं दुप्पट वेगानं, सेकंदाला साधारण ९.५ सेंटिमीटरनं चालायची, घरचा डेक ४.७६ नं. तेव्हा तसंच जुनं यंत्र मिळवलेलं उत्तम. ते नाही मिळालं तर दोन्ही बाजू संगणकात घ्या, मूळ यंत्र दुप्पट वेगाचं असेल तर वेग दुप्पट करा, दुसरी बाजू उलटवा आणि पहिल्या ठोक्यावर चारही जुळवा. थोडं सरकतं, पण ऐकता येतं. मूळ यंत्रावर आवाजाची खरखर काढायची कोणती बटणं चालू होती तेही लागतं, म्हणून कॅसेटच्या पाठीवर ते लिहिलेलं असेल तर पुसू नका. चालवण्याआधी कॅसेट हातानं पूर्ण पुढं-मागं फिरवून घ्या आणि आतली छोटी गादी निघालेली नाही ना ते बघा. साठवताना २४ बिटच्या वेव्ह फाइली, दोन वेगळ्या ठिकाणी.

तारखा आठवणीवर सोडू नका. आम्हा चौघांना लोप्पेनचा कार्यक्रम चार वेगवेगळ्या महिन्यांत आठवत होता. कोडाला पाठवलेल्या गाण्यांच्या याद्यांच्या माझ्याकडच्या प्रतींवर तारीख सापडली. स्थानिक वर्तमानपत्रांतल्या कार्यक्रमांच्या जाहिराती डॅनिश राजग्रंथालयाच्या संगणकावर बघता येतात, नवे अंक तिथं जाऊन. आठवणी मात्र प्रत्येकाच्या वेगळ्या लिहून घ्या आणि तशाच ठेवा. ड्रमर म्हणतो शेवटच्या रात्री बर्फ पडत होता, गायिका म्हणते पाऊस. दोन्ही लिहून ठेवलंय.

आणि रेकॉर्डिंग करताना गाणं संपलं की लगेच बटण दाबू नका. एक मिनिट चालू राहू द्या. आमच्या २३ कॅसेटमधल्या एकीवर, डिसेंबर १९९७ च्या तालमीत, शेवटचा स्वर विरल्यावर झांजेचा आवाज थांबतो, कुणीतरी खुर्ची सरकवतं, आणि बेसवाला विचारतो, चटणी उरली आहे का. मी डॅनिशमध्ये सांगते, दोन चमचे आहेत. डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज येतो.